मागच्या खोलीतला पाहुणा

मेहर महिन्याची अखेर, गुरुवार

मलीहा बाळ,

अक्षर बघूनच ओळखलं असशील. तूच शिकवलंस, तेव्हा वाकडं आलं असेल तर निम्मा दोष तुझा. साक्षरता वर्गात मला पहिल्या बाकावर बसवून तू भाकरीचं 'नान' आणि पाण्याचं 'आब' गिरवून घेत होतीस, आणि मागून नुसरत जाऊबाई म्हणायची, "बघा गं बायांनो, सून सासूला धडे देतेय, दुनिया उलटी झाली!" आता चुका काढत बसू नकोस. नुसतं वाच.

मी फोन करते तेव्हा तुझा भाऊ म्हणतो, मलीहा घरात नाही. आणि त्याच्या मागे तुझं शिलाईचं यंत्र चाललेलं मला ऐकू येतं. मी फोन ठेवते. तुझ्या जागी मी असते तर मीही घरात नसते.

आता मुद्द्याचं. माझ्या लेकाबद्दल, साबेरबद्दल, तुला एक अक्षर कळवायचं नाही, अशी शपथ त्याने माझ्याकडून घेतली आहे. कुराणावर हात ठेवायला लावला. मी शपथ मोडणारी बाई नाही, तेव्हा या पत्रात साबेरबद्दल काही सापडणार नाही. पण माझ्या मागच्या खोलीत एक पाहुणा उतरलाय, त्याच्याबद्दल मी लिहिणार आहे. पाहुण्याबद्दल लिहू नको असं मला कुणी सांगितलेलं नाही.

हा पाहुणा उन्हाळा सरता सरता आला. कायेनमधलं वेल्डिंगचं दुकान बंद केलं, किल्ली मालकाच्या हातात दिली आणि आला. मला वाटलं, दमलाय, झोपेल आणि उठेल. तो झोपला खरा, उठायचं विसरला. तोंड भिंतीकडे. खिडकीला घोंगडी ठोकलीय, कारण उजेड टोचतो म्हणतो. सकाळी ठेवलेली भाकरी संध्याकाळी तशीच परत येते. दाढी वाढलीय. रडत नाही. रडला असता तर काय करायचं ते मला ठाऊक होतं. मांडीवर डोकं घेतलं असतं. पण हा नुसता बघतो, आणि बघतोय असंही वाटत नाही.

नुसरत म्हणाली, नजर लागली. मग खोलीत इस्पंदाच्या बियांची धुरी केली. इतकी की आम्हालाच एकमेकी दिसेनात. पाहुणा खोकला. नुसरत म्हणाली, "बघ, गुण आला!" मी म्हटलं, "जाऊबाई, धुराने भिंतसुद्धा खोकेल."

शेवटी मी छातीवर हात धरून बसले. म्हटलं मला धाप लागतेय, मला दवाखान्यात ने. तेवढ्यासाठी तो उठला. मलीहा, हे लक्षात ठेव, आईची छाती दुखतेय म्हटल्यावर तो उठला. दवाखान्यात शिराझकडची एक तरुण डॉक्टरीण आलीय. तिने माझ्या छातीला नळी लावली, मग त्याच्याकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. म्हणाली, "तूबा खानम, तुमची छाती उत्तम आहे. तुम्ही जरा बाहेर बसता का?"

बराच वेळ दोघं आत होती. नंतर तिने मला बोलावलं आणि कागदावर दोन फांद्या काढल्या, मधे थोडी फट ठेवून. म्हणाली, मेंदूत असे अगणित धागे असतात, एकमेकांना न चिकटलेले. एकाचा निरोप दुसऱ्याकडे न्यायला त्या फटीत रस असतात. त्यांचा मेळ बिघडला की निरोप पोचत नाहीत. भाकरी समोर असते, भुकेचा निरोप येत नाही. माणूस समोर असतं, मायेचा निरोप येत नाही. खरं तर गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, म्हणाली, पण घरी न्यायला एवढं पुरे.

मी विचारलं, "मग माया असते की आटते?"

"असते. निरोप्या वाटेत बसलाय."

त्या रसांची नावंही सांगितली तिने. सेरोटोनिन म्हणे, डोपामिन म्हणे. मला वाटलं रशियातून आणलेल्या दोन सुना. गोळ्या दिल्या, आणि म्हणाली, गोळ्या आपलं काम करतील, पण हे रस वाढवायचं बरंचसं सामान तुमच्या अंगणातच आहे. सकाळचं ऊन अंगावर घेऊ द्या. रोज चालू द्या, घामेजेपर्यंत. अंडी, अक्रोड, मसूर, मासे खाऊ घाला. रात्री वेळेवर झोप. माणसांत बसवा. हाताला काम द्या.

मी म्हटलं, "बाई, मासा या वाळवंटात काय चालत येणार? आणि बाकीचं सगळं तर माझी गाढवीण रोज करते."

"म्हणून तिला कधी गोळी लागली नाही," ती म्हणाली.

मला आवडली ही मुलगी.

तू ये, असं मी लिहीत नाही. पाहुणा माझा आहे, मी बघेन. पण निरोप्या वाटेत बसलाय, हे तुला माहीत असावं असं मला वाटलं.

तुझी सासू म्हण किंवा विद्यार्थिनी म्हण,
तूबा

आबान महिना, केशर संपत आलं तेव्हा

मलीहा,

बोटं पिवळी झालीत, कागदावर डाग दिसले तर माफ कर. तुझं उत्तर आलं नाही. मी वाटही पाहिली नव्हती. (पाहिली होती.)

आधी घोंगडीची गोष्ट ऐक. डॉक्टरीणबाईने ऊन सांगितलं म्हणून मी घोंगडी काढली आणि म्हटलं, कसर लागलीय, धुवायला हवी. पाहुण्याने दुसरी ठोकली. मी तीही धुतली. त्याने गालिचा टांगला. शेवटी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण दोरीवर वाळत पडलं आणि नुसरत कुंपणावरून विचारते, "काय गं, कुणी मेलं की काय? इतकी धुणी?" त्या दिवशी खिडकी उघडी राहिली. तो कूस बदलून पडला, पण ऊन त्याच्या पाठीवर होतं. मी दारातून बघत उभी राहिले, जणू चुलीवर दूध ठेवलंय.

मग केशराची फुलं आली. तुला माहीतच आहे, आमच्या रानात काही नसतं, नसतं, आणि एका पहाटे सगळं जांभळं होतं. ऊन चढायच्या आत खुडलं नाही तर फूल उमलून मऊ पडतं. माणसं मिळेनात. मी पुन्हा नाटक केलं. छाती जुनी झाली होती, या वेळी कंबर धरली. चटईवर आडवी पडून अशी कण्हले की कोंबड्या गप्प झाल्या.

पाहुणा दारात आला. "काय झालं, आई?"

"काही नाही रे. फुलं जातील या वर्षी. जाऊ देत. केशर काय, पुढच्या वर्षीही येईल. मी असेन-नसेन."

तो वळला. मग टोपली उचलायचा आवाज आला.

पहिल्या दिवशी एक वाफा खुडून परतला आणि आल्याआल्या झोपला. पण मलीहा, झोप वेगळी होती. घोरत होता! दुसऱ्या दिवशी दोन वाफे. त्या थंडीत वाकून वाकून त्याचे गाल लाल झाले होते. परत येऊन म्हणाला, "खायला काय आहे?" मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला. अंडी, अक्रोड, कालचं मसुराचं कालवण, होतं ते सगळं पुढे ठेवलं.

दुपारी बायका फुलं सोलून केशर काढायला बसतात त्या खोलीत मी त्याला बसवलं. ढिगाभोवती आम्ही म्हाताऱ्या, मधे हा दाढीवाला. नुसरतने तिच्या नवऱ्याच्या कवळीची गोष्ट काढली. तू ऐकली नसशील. लग्नाच्या पंगतीत खां साहेबांनी कवळी काढून रुमालात ठेवली, आणि हात पुसायला म्हणून तोच रुमाल वरमाईच्या हातात दिला. वरमाईला वाटलं आहेर आहे. सगळ्यांसमोर उघडला. नुसरत ही गोष्ट सांगताना वरमाई पण होते, कवळी पण होते. मी हसत होते, आणि एकदम बाजूला नाकातून फुर्र झालं. पाहुण्याच्या! मान खाली, हातात फूल, खांदे हलतायत.

आपल्याकडे म्हणतातच की केशराच्या खोलीत बसलेला माणूस उगाच हसतो. मी डॉक्टरीणबाईला विचारलं, केशरात खरंच काही असतं का? ती म्हणाली, लोक अभ्यास करतायत, थोडं असेलही. पण पहाटेचा उजेड, वाकून काम, चार माणसं आणि नुसरत खानमची कवळी, यातलं नेमकं कशाने झालं ते मला नाही सांगता येणार. सगळं चालू ठेवा. गोळ्या थांबवू नका.

आता माझी फजिती. काल मी गव्हाचं पोतं उचलून कोठारात नेलं. विसरले. मागे वळते तर पाहुणा उभा.

"तुझी कंबर?"

"अं... आत्ताच बरी झाली."

"आई! पंधरवडाभर कण्हतेयस! मी रात्री उठून बघत होतो, श्वास चालू आहे की नाही! लाज नाही वाटत? पोराला असं फसवतात?" टोपली आपटली त्याने. दार आपटलं. अंगणातल्या बादलीला लाथ मारली.

चिडला, मलीहा. चिडला! किती महिन्यांनी त्या घशातून आवाज निघाला. मी कोठारात पोत्यावर बसून हसत होते आणि रडत होते, आणि तो बाहेरून ओरडत होता, "हसतेयस काय!"

सोबत अक्रोड आणि झरिश्कची आंबट वाळली फळं पाठवतेय, भातावर टाकायला. केशराची पुडी छोटी आहे, एका वेळी तीन काड्यांहून जास्त टाकू नकोस. तू खिडकीजवळ बसून शिवतेस ना? दिव्याखाली वाकून बसू नकोस.

तुझी,
तूबा

आझर महिना, पहिला बर्फ पडून गेल्यावर

मलीहा,

हे पत्र बसून वाच.

मी शपथ मोडते आहे. पाहुणा-बिहुणा काही नाही. साबेरबद्दल लिहिते आहे. त्याचं प्रायश्चित्त काय ते मी मुल्लांना विचारीन आणि करीन.

फुलं संपली. रान पुन्हा रिकामं झालं, बायका आपापल्या घरी गेल्या. साबेर म्हणाला मी बरा आहे, आणि त्याने मला न सांगता गोळ्या बंद केल्या. मला कळलं नाही. मी मूर्ख, मला वाटलं केशराने आणि उन्हाने काम फत्ते झालं. हळूहळू तो पुन्हा खोलीत जाऊ लागला. दिवस लहान झाले होते, ऊन उशिरा यायचं आणि लवकर जायचं. मी थंडीला दोष देत राहिले.

परवा सकाळी उठले तर त्याचं अंथरूण रिकामं. बर्फात पावलं उमटली होती, गावाबाहेर जाणारी. तिथे जुन्या भुयारी कालव्याच्या विहिरी आहेत, तुला मी पहिल्या वर्षी दाखवून म्हटलं होतं, इकडे फिरकू नकोस, कठडा नाही. त्यातल्या एकीच्या तोंडाशी तो बसला होता. पाय आत सोडून.

माझ्या पायात चपला होत्या की नव्हत्या, आठवत नाही. ओरडले नाही. चालत गेले, जशी कोंबडी धरायला जाते. शेजारी बसले. त्याचा कोट माझ्या मुठीत घट्ट धरला.

"इथे काय करतोयस?"

"पाणी ऐकतोय."

खाली खरंच पाणी वाजत होतं. मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता, देवाशपथ ठेवायचा होता. चल घरी, चहा टाकते, एवढं म्हणून उठवलं असतं तर तो आला असता, आणि आम्ही दोघं आयुष्यभर म्हणत राहिलो असतो की तो पाणी ऐकत होता. पण डॉक्टरीणबाईने पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं: शंका आली तर सरळ विचारा. विचारल्याने ते मनात येत नाही. असतं ते बाहेर येतं.

मी विचारलं, "साबेर, मरायचं मनात येतं का रे?"

तो माझ्याकडे वळला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "येतं, आई. मरायचं असं नाही. हे थांबावं असं वाटतं."

"आत्ता?"

"आत्ता तू आलीस."

मग आम्ही विहिरीपासून मागे सरकलो, बसल्या बसल्याच, कोट मुठीत धरूनच. बर्फात बसूनच तो बोलला. म्हणाला, माझ्यामुळे सगळ्यांचं जिणं करपतंय. म्हणून मलीहाला घालवून दिलं, म्हणजे निदान ती वाचेल. तुला कळवायचं नाही ही शपथही त्याचसाठी घेतली. तुला कळलं तर तू दयेपोटी येशील, याची त्याला भीती वाटते.

मी त्याला 'असं बोलू नये' म्हटलं नाही. फक्त ऐकलं. माझी सवय तुला माहीत आहे, मी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही. त्या दिवशी होऊ दिलं.

तिथून सरळ दवाखान्यात. डॉक्टरीणबाईने त्याला रागावलं नाही. म्हणाली, बरं वाटू लागलं की बरेच जण थांबवतात. गोळ्या कमी करायच्या तर माझ्याबरोबर, हळूहळू. औषध पुन्हा चालू केलं, दर आठवड्याला यायला सांगितलं. त्याला एकटं सोडायचं नाही. उंदराचं औषध, दोरखंड, सगळं मी नुसरतच्या घरी नेऊन ठेवलं. तिने कारण विचारलं, मी सांगितलं. तिने नजर लागली असं नाही म्हटलं. आपलं अंथरूण उचलून आमच्याकडे राहायला आली.

निघताना डॉक्टरीणबाई मला म्हणाली, "आणि तुम्ही कशा आहात?" मी म्हटलं माझी कंबर उत्तम आहे, आणि रडायला लागले.

कळवायला हवं होतं म्हणून कळवलं. तुला बोलावत नाही. खरंच नाही. दयेची त्याला भीती वाटते, ती उगाच नाही.

तूबा

दे महिना, मोठी थंडी

माझ्या गुणी बाळा,

तुझं पत्र आलं. एकच ओळ, पण किती खोल दाबून लिहिलीस, मागच्या बाजूला बोट फिरवलं तरी वाचता येते. 'आई, तो मला म्हणाला होता की तुझं तोंड दिसलं की मला जगणं नकोसं होतं. तेही रसांमुळेच का?'

चार दिवस मी या प्रश्नाशी बसले आहे. मी आई आहे, 'हो' म्हणायला माझी जीभ वळवळते. म्हणणार नाही. मला माहीत नाही. आजारी माणूस बोलला तरी ऐकणारीचे कान धडधाकट असतात, लागायचं ते लागतंच. रस कमी होते म्हणून तुझी जखम खोटी, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? याचं उत्तर त्याने द्यायचं आहे. तो देण्याच्या लायकीचा होईपर्यंत तू थांबावंस असंही माझं म्हणणं नाही. तुझं आयुष्य आहे.

पण मला एक सांग. तू जेवतेस का? तुझ्या वहिनीने फोनवर सांगितलं (हो, मी तिला पकडलं) की तू दिवसभर यंत्रावर असतेस आणि मैत्रिणींकडे जायचं सोडलंयस. हे बघ, रस काय फक्त पुरुषांच्या डोक्यात असतात? दुपारी दार ओढून घे आणि चालायला जा. तुमच्या बिरजंदच्या किल्ल्यापर्यंत जा आणि ये. एखाद्या बाईला बरोबर घे, जी जास्त बोलते. नुसरतला पाठवू का? मी मोठ्या मनाने देईन.

आता माझं प्रायश्चित्त ऐक, म्हणजे तू हसशील. मुल्ला म्हणाले, शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवू घाल. मी म्हटलं सोपं आहे. मोठ्या पातेल्यात आश शिजवली, दाट कढणासारखी: शेवया, पालक, वाटाणे, वर आटवलेल्या ताकाचं कश्क. आणि निघाले गरीब शोधायला. मलीहा, आपल्या गावात गरीबच नाहीत! ज्याच्या दारात जावं तो छाती काढतो. वरच्या आळीचा मश रजब, ज्याच्या छपरातून आकाश दिसतं, तो म्हणतो, "मी गरीब? माझे दोन उंट आहेत!"

मी म्हटलं, "मश रजब, ते उंट मेले की."

"मेले म्हणून काय झालं? होते ना!"

परत येऊन डोकं धरून बसले. नुसरत म्हणाली, "अगं वेडे, नवसाची आश आहे म्हण. नवसाच्या आशेला राजासुद्धा वाडगा पुढे करतो." आणि तसंच झालं. फक्त वाडगे नेणार कोण? बर्फ झालाय, आम्ही दोघी घसरून पडलो तर नवस उलटायचा. साबेर म्हणाला, "मी नेतो. नवस कसला बोललीस?"

"तुला काय करायचंय? गरम आहे तोवर ने."

स्वतःच्याच नावाच्या प्रायश्चित्ताची आश त्याने दारोदार वाटली. आणि प्रत्येक दारात कुणीतरी म्हणालं, ये आत, बस, किती दिवसांनी. मश रजबने तर सोडलंच नाही. त्याच्या शेगडीची नळी फुटलीय, खोलीभर धूर, म्हातारा आणि त्याची म्हातारी दोघं खोकतायत. "तू लोखंडाचा माणूस ना? मग बघतोस काय?" साबेर म्हणाला हत्यारं नाहीत. मश रजब म्हणाला, "मग जा आणि घेऊन ये. मी उद्यापर्यंत मरत नाही."

दुसऱ्या दिवशी साबेर स्वतःहून कायेनला गेला; आता थोडं एकटं सोडायला हरकत नाही असं डॉक्टरीणबाईने म्हटलंय. त्या मालकाने दुकान अजून कुणाला दिलेलं नव्हतं. हत्यारं घेऊन आला, नळी जोडली, आणि तोंडभर काजळी घेऊन घरी परतला. मी विचारलं, "काय म्हणाला मश रजब?"

"म्हणाला, जोड वाकडा आहे."

"मग?"

"मग मी म्हटलं, तुझे उंट विकून नवी नळी आण."

मी आणि नुसरतने एकमेकींकडे पाहिलं. साबेरने कुणाची तरी चेष्टा केली होती.

उगाच आशा लावायची नाही, म्हणून हेही लिहिते. काही दिवस अजून काळे येतात. मंगळवारी तो उठला नाही. पण आता तो सांगतो, "आई, आज काळा दिवस आहे." मग मी त्याला अंगणात उन्हाच्या तुकड्यात बसवते, ऊन सरकलं की चटई सरकवते, आणि बोलत नाही. हे मला सगळ्यात अवघड जातं.

तुझी,
तूबा

एस्फंद महिना, घराची झाडझूड चालू आहे

मलीहा,

घाईत लिहिते. गालिचे बाहेर काढलेत, नुसरत छताची जळमटं काढतेय आणि सगळी माझ्या डोक्यावर पाडतेय. नवरोजचे गहू ताटात उगवायला घातलेत.

तुझं दुसरं पत्र पोचलं. शेजारणीबरोबर किल्ल्यापर्यंत चालतेस हे वाचून बरं वाटलं. तिच्या नवऱ्याच्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत म्हणतेस, असू देत. पायांना त्या ऐकू येत नाहीत.

आता ऐक. साबेर शनिवारच्या बसने बिरजंदला येतोय. मी पाठवत नाहीये. काल जेवताना अचानक म्हणाला, "आई, मी मलीहाला भेटून येतो." मी चमचा खाली ठेवला नाही, ठेवला असता तर वाजला असता. डॉक्टरीणबाईलाही त्याने विचारलं होतं. ती म्हणाली, जा. पण बायको काय म्हणेल त्यावर तुझं बरं होणं टांगून ठेवू नकोस.

दुकान महिन्याभरापूर्वी पुन्हा उघडलंय. पहाटे उठून चालत जातो, अर्ध्या वाटेवर बसमध्ये चढतो. गोळ्या चालू आहेत, अजून बरेच महिने चालतील. वजन वाढलंय, जुना कोट पुढून लागत नाही. माझा मुलगा पूर्वीचा झाला, असं मी लिहिणार नाही. हा थोडा वेगळा आहे. हळू बोलतो. विचारल्यावर खरं सांगतो. पूर्वीचा सांगायचा नाही.

एक गोष्ट मात्र मोठी पंचाईतीची आहे. मी तुला लिहिते हे त्याला माहीत नाही. सांगावं म्हणून कितीदा तोंड उघडलं आणि मिटलं. तो म्हणतो, "मलीहाला काही ठाऊक नाही, आई. मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. विहिरीचंसुद्धा. आणि मी तिला जे बोललो त्याचं." संध्याकाळी अंगणात जोडकाम करता करता पुटपुटत असतो, वाक्यं जुळवत असतो. मधेच थांबतो, मान हलवतो, पुन्हा सुरू करतो. मी खिडकीतून बघते.

तू आलीस की मी माझ्या तोंडाने त्याला सांगेन. नाही आलीस तरी सांगेन. पण शनिवारी नको. दचकायचं सोंग तुला जमणार नाही, तुझ्या चेहऱ्यावर काही लपत नाही. फक्त मधे 'हो, ठाऊक आहे' म्हणू नकोस. त्याचं वाक्य अडलं तर पुरं करून देऊ नकोस. तो अडेल. अडू दे.

आणि तुझं जे उत्तर असेल ते तुझं असू दे. त्यात माझी पत्रं मिसळू नकोस, अक्रोडही मिसळू नकोस. 'नाही' असेल तर दिवसाउजेडी सांग, आधी जेवू घाल, आणि तो कोणत्या बसला बसला ते मला फोन करून कळव. मी थांब्यावर उभी राहीन. आम्ही दोघं त्याबद्दलही बोललोय. तो म्हणाला, "नाही म्हणाली तर वाईट वाटेल, आई. पण वाटेल. हेच किती दिवस वाटत नव्हतं."

तेव्हा घाबरू नकोस, कशालाच. त्याला समोर बसव आणि पहिल्यांदाच ऐकतेयस असं ऐक. त्यात खोटं काही नाही. मी लिहिलं ते आईचं होतं, मलीहा. त्याचं तू अजून ऐकलेलंच नाहीस.

तूबा